एक किताब, दोन धनी

नोव्हेंबर 2023 मध्ये शिवराज राक्षेने एक अजब पराक्रम केला. 10 तारखेला पुण्याजवळच्या फुलगावात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत तो सिकंदर शेखकडून हरला आणि त्याच महिन्यात धाराशिवला जाऊन महाराष्ट्र केसरी झाला. दोष पैलवानाचा नाही, दुकानं दोन आहेत. एकीकडे 1953 साली मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली आणि पुढे शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली चाललेली कुस्तीगीर परिषद. दुसरीकडे 2022 मध्ये राष्ट्रीय कुस्ती महासंघाने ती बरखास्त केल्यावर रामदास तडसांच्या नेतृत्वाखाली पुढे आलेला कुस्तीगीर संघ. 2025 मध्ये तर आणखी सोय झाली. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, मार्चअखेर त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. शौकिनाला गाडीही बदलावी लागली नाही.

सातारा-सांगलीला याचं जास्त वाईट वाटावं, कारण किताबाला किंमत आणणाऱ्यांत हे दोन जिल्हे पुढे होते. 1961 चा पहिला महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी सांगली जिल्ह्यातला. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी 2007 आणि 2008 अशी लागोपाठ गदा मारली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च 2023 मध्ये सांगलीतच झाली आणि जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. ही पुण्याई कुणा पदाधिकाऱ्याने दिलेली नाही. पैलवानाच्या खुराकासाठी दूध धाडणाऱ्या घरांनी आणि वर्गणी देणाऱ्या गावांनी ती साठवली आहे. पदाधिकारी फक्त तिच्यावर सही करतात, आणि आता सह्या करणारे दोन झाल्याने खातंच वादात आहे.

शौकिनाची निष्ठा यात आटत चालली आहे. यावर पदाधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: निष्ठा आटली म्हणता, मग मैदानं भरतात कशी? उत्तर अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये आहे. ओकलंडच्या ‘ॲथलेटिक्स’ संघाचे मालक जॉन फिशर संघ लास वेगासला न्यायला निघाले, तेव्हा एरवी ओस पडणाऱ्या त्या मैदानात 13 जून 2023 रोजी 27,759 प्रेक्षक ठरवून आले. ते आले ‘संघ विका’ असं ओरडायला. सप्टेंबर 2024 मध्ये ओकलंडमधला शेवटचा सामना झाला, त्या दिवशीही मैदान भरलं होतं. तिकीटखिडकीवरची रांग मालकाच्या बाजूनेच उभी असते असं नाही. आपल्याकडेही माणूस सिकंदरसाठी येतो, शिवराजसाठी येतो. परिषद की संघ, हे त्याला मंचावरची भाषणं सुरू झाल्यावर कळतं आणि तेव्हा तो शेंगदाणे आणायला उठतो.

निष्ठा आधी सुटते ती निकालावरची. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर-महेंद्र गायकवाड लढतीतल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. अहिल्यानगरला 2025 मध्ये आपली पाठ टेकली नव्हती असं म्हणत शिवराजने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचं समर्थन होत नाही. पण लाथेनंतरही अनेकांनी आधी विचारलं ते ‘पाठ खरंच टेकली होती का?’ हेच. पंच चुकतात हे शौकिनाला मान्य असतं. पंच कुणाचा, हा प्रश्न पडू लागला की स्क्रीनवर दहा वेळा डाव दाखवूनही उपयोग नसतो.

दोन स्पर्धा म्हणजे पैलवानांना दुप्पट संधी, असाही एक युक्तिवाद आहे. बक्षिसांपुरता तो खरा आहे. पण बक्षीस गावोगावच्या जत्रेतही मिळतं. महाराष्ट्र केसरी ही संधी नव्हती, तो राज्याने एकाच माणसाला दिलेला मान होता. मान दुप्पट वाटला की अर्धा होतो, एवढं गणित तालमीतलं पोरही करतं. राहिला पैशाचा मुद्दा: नेते नसतील तर स्पर्धा कोण भरवणार? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. गोळेश्वरने किंवा खर्डेकरांनी त्यानंतर त्या पदकावर मालकी सांगितल्याचं ऐकिवात नाही. पैसा घालणं आणि धनी होणं यातला फरक कुस्तीला माहीत होता. नेत्यांची ओळख होण्यापूर्वीपासून.

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलसारखी जुनी मैदानं अजून टिकून आहेत, कारण तिथे कुस्ती निकाली होते आणि जोड कमकुवत नेमली तर कमिटीला गावातच तोंड दाखवायचं असतं. दोन्ही गटांना हे भय नाही. तेव्हा सातारा-सांगलीच्या यात्रा कमिट्यांना एक विनंती. यंदा मैदानाचं हँडबिल छापताना पैलवानाच्या नावामागे नुसतं ‘महाराष्ट्र केसरी’ लावू नका. कोणत्या गटाचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या महिन्याचा, तेही कंसात छापा. कागद जरा मोठा लागेल, त्याचं बिल दोन्ही अध्यक्षांना निम्मं निम्मं पाठवावं.