साडूंचं बदक

आमचे साडू न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात आणि तीन वर्षांतून एकदा पुण्याला येतात. पूर्वी येताना बदाम, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आणत. यंदा त्यांनी एक रबरी बदक आणलं. तेही आम्हाला द्यायला नव्हे, दाखवायला. बदक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मोज्यात आणि मोजा हँडबॅगेत होता. त्यांनी ते टीपॉयवर ठेवलं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो.

"हे असं कुणालाही देत नाहीत," साडू म्हणाले.

फ्रँकफर्ट विमानतळावर लुफ्तान्सानं २००४ साली फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी एक वेगळी इमारतच उघडली. तिथे तुमचा पासपोर्ट दुसराच कुणी सांभाळतो, जेवण पुढ्यात येतं, आणि निघायची वेळ झाली की पोर्शे नाहीतर मर्सिडीज तुम्हाला थेट विमानाच्या पोटाशी नेऊन सोडते. मधल्या वेळात टबात आंघोळ करता येते आणि आंघोळीला सोबत म्हणून बदक मिळतं. या बदकांचे रंग आणि वेश बदलत राहतात, त्यामुळे ती जमवणारे लोकही आहेत. पूर्वी पोस्टाची तिकिटं जमवायचे, तसे.

आता कुठलाही मराठी माणूस जे विचारील तेच मी विचारलं. "तिकीट कितीला पडलं?"

"फुकट!"

"फुकट म्हणजे?"

"माइल्सवर घेतलं. अवॉर्ड तिकीट. वर नुसते टॅक्स."

हे 'नुसते' म्हणजे किती, ते मेहुणीनं नंतर स्वयंपाकघरात आमच्या हिला सांगितलं. तेवढ्यात आम्ही सहकुटुंब अष्टविनायक करून आलो असतो, आणि ड्रायव्हरला जेवणही घातलं असतं.

या माइल्सच्या शेतीची पेरणी अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी केली. आपल्याकडे ती महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आपण झेंडावंदन करून घरी येऊन झोपलो, त्यामुळे हे फार उशिरा लक्षात आलं. कल्पना साधी होती. जितके मैल उडाल तितकी खात्यात जमा, आणि पुरेशी साठली की एक प्रवास कंपनीकडून. पण लवकरच लोकांना शोध लागला की मैल जमवायला उडावं लागतच नाही. कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं १९९९ साली पुडिंगच्या १२,१५० वाट्या विकत घेतल्या, कारण वेष्टनावरच्या कोडमागे माइल्स मिळत होते. खर्च सुमारे तीन हजार डॉलर आणि माइल्स साडेबारा लाख. कोड सोलायला माणसं पुरेनात, तेव्हा त्यानं पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं आणि सोलायचं काम त्यांच्याकडून करून घेतलं. दानधर्माच्या इतिहासात याला तोड नाही. पुढे काही मंडळी अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीतून क्रेडिट कार्डावर एक-एक डॉलरची नाणी मागवू लागली. नाणी घरपोच, तीही पोस्टखर्चाशिवाय. खोकं आलं की तसंच उचलून बँकेत भरायचं, त्याच पैशांनी कार्डाचं बिल फेडायचं आणि मधले माइल्स खिशात घालायचे. २०११ साली टांकसाळीनं कार्डं घेणं बंद केलं, तेव्हा एडिसनमध्ये सुतक पाळलं गेलं असणार.

साडू टांकसाळीपर्यंत पोचले नव्हते. त्यांची पद्धत घरगुती. हॉटेलात बिल आलं की ते घारीसारखी झडप घालतात. "अहो, राहू द्या, मी भरतो!" आपण भारावतो. बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये ते प्रत्येकाकडून वाटणी रोख घेतात. पुतण्याच्या लग्नात कार्यालयाचं, केटररचं आणि फुलवाल्याचं बिल त्यांच्याच कार्डावर गेलं. मुलीच्या बापापेक्षा साडूंचे डोळे जास्त भरून आले होते.

माइल्स असले म्हणून तिकीट मिळतंच असं नाही. लुफ्तान्साच्या फर्स्ट क्लासमध्ये उरलेल्या जागा दुसऱ्या कंपनीचे माइल्सवाले लोक मागू शकतात, पण त्या बहुतेक उड्डाणाच्या तोंडावरच मोकळ्या होतात. म्हणजे बॅग भरून, जानवसघरात मुहूर्ताची वाट बघत बसलेल्या नवरदेवासारखं बसून राहायचं. साडूंनी आम्हाला फोनवर कळवलं होतं, "मंगळवारी येतो, किंवा शुक्रवारी, किंवा त्याच्या पुढच्या मंगळवारी." सासूबाईंनी पुरण दोनदा शिजवलं.

मग खुर्ची. तिकिटाला दोन पीएनआर असतात. एक ज्यांचे माइल्स खर्च केले त्या कंपनीचा आणि दुसरा ज्यांचं विमान उडणार त्यांचा. खुर्ची निवडायची तर दुसरा हवा, आणि पहिले लोक तो आपणहून सांगायला फारसे उत्सुक नसतात. साडू रात्री दोन वाजता फोन लावून बसले. एका कंपनीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पहिलीकडे, आणि मध्ये सनईच्या जागी पियानो वाजत राहिला. बोइंग ७४७-८ या विमानात लुफ्तान्साचा फर्स्ट क्लास पार पुढे, नाकात असतो. खुर्च्या आठच. त्यात साडूंना १-ए हवी होती.

"का?" मी विचारलं.

"अहो, कॉकपिट वरच्या मजल्यावर असतो! १-ए मध्ये बसलं की पायलटसुद्धा आपल्या मागे!"

एवढं ऐकल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो. मुंबईच्या लोकलला पहिल्या वर्गाचा डबा असतो. त्याच्या पासाला दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट पैसे मोजून माणसं त्याच गर्दीत, त्याच घामात उभी राहतात. पण मोटरमनच्या पुढे बसायची हौस त्यांनाही कधी झालेली मी ऐकलेली नाही.

ज्यानं रोख पैसे मोजून फर्स्ट क्लासचं तिकीट काढलंय, त्याला हे काही नको असतं. त्याला लवकर पोचायचं असतं. लाउंजमधून तो एक कॉफी पिऊन उठतो. साडू मात्र मधला थांबा मुद्दाम सात तासांचा घेतात, कारण सहा तासांत लाउंज पुरतं वसूल होत नाही. आणि हल्ली गंमत अशी की पैसे भरणाऱ्याचा मानच कमी झालाय. कतार एअरवेजनं २०२० साली बिझनेस क्लासची स्वस्त तिकिटं काढली, त्यात लाउंजही नाही आणि खुर्ची निवडायची तर वेगळे पैसे. म्हणजे हजारो रुपये रोख मोजलेला माणूस बाहेर बाकड्यावर, आणि पुडिंग खाऊन आलेला आत सोफ्यावर. घरजावयाला चांदीचं ताट आणि कर्त्या मुलाला पत्रावळ, असाच हा प्रकार.

अमेरिकेत तर याच्याही पुढे. तिथल्या मोठ्या कंपन्यांत देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या नुसत्या तिकिटावर बहुतेक वेळा लाउंज मिळत नाही. साडू एकदा ब्लेझर घालून गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी बोर्डिंग पास पाहिला, ब्लेझर पाहिला आणि अत्यंत गोड शब्दांत त्यांना बाहेर काढलं. ते तीन तास चार्जिंगच्या सॉकेटशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. कंपनीचं नाव ते सांगत नाहीत. तिथे अजून त्यांचे चाळीस हजार माइल्स अडकलेत.

वास्तविक लाउंजची सुरुवातच निवडक लोकांना बाकीच्यांपासून वेगळं बसवण्यासाठी झाली. अमेरिकन एअरलाइन्सनं १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर पहिलं काढलं, ते निमंत्रितांसाठी, आणि नाव ठेवलं ॲडमिरल्स क्लब. आज मुंबईच्या टर्मिनल दोनवर क्रेडिट कार्ड दाखवून दोन रुपयांत लाउंजात शिरणाऱ्या ॲडमिरलांची रांग स्वारगेटच्या एसटीला लाजवेल. आत इडलीच्या भांड्याशी जे चालतं त्याला नौदलाच्या भाषेत काय म्हणतात, मला माहीत नाही. चीनमधल्या शिआन विमानतळावरच्या एका गृहस्थाची बातमी २०१४ साली जगभर छापून आली होती. त्यानं फर्स्ट क्लासचं एकच तिकीट काढलं, रोज लाउंजात जेवला, जेवून झालं की तिकिटाची तारीख पुढे ढकलली, असं तीनशे वेळा केलं आणि शेवटी तिकीट रद्द करून पैसे परत घेतले. ही बातमी सांगताना साडूंचा आवाज पोथी वाचल्यासारखा होतो.

फ्रँकफर्टला मात्र एक अडचण आली. ती बदकवाली इमारत विमानतळाच्या बाहेरच्या बाजूला आहे. तिथे जायचं तर आधी जर्मनीत प्रवेश करावा लागतो. साडूंचा पासपोर्ट अमेरिकन, निळा. मेहुणीनं अजून आपला सोडलेला नाही, त्यामुळे तिला शेंगेन व्हिसा हवा. तो नव्हता. तिकीट एकाच वर्गाचं, माइल्स एकाच खात्यातले, आणि नवरा टबात तर बायको टर्मिनलच्या आतल्या फर्स्ट क्लास लाउंजात.

"मी म्हटलं, नाही जात," साडू म्हणाले.

"एकदाच म्हणालात," मेहुणी म्हणाली. "पण मला काही वाईट नाही वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सलग चार तास झोपले. उठवून १-ए बद्दल सांगणारं कुणी नव्हतं."

हे बोलणं चालू असताना आमची नात, वय वर्षं साडेचार, टीपॉयवरून बदक उचलून गेली होती. बाथरूममधून पाण्याचा आवाज आला तेव्हा साडू उठले. मे महिना. सोसायटीत टँकरचं पाणी, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. एमिरेट्सच्या दुमजली विमानात फर्स्ट क्लासवाल्यांना शॉवरला पाच मिनिटं पाणी देतात, हे साडू आम्हाला कौतुकानं सांगून चुकले होते. आमच्याकडे कुणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं.

बादली निळी, कडेला चिरलेली, म्हणून अर्धीच भरलेली. बदक त्यात गिरक्या घेत होतं.

"अगं, अगं! ते फर्स्ट क्लासचं आहे!" साडू ओरडले.

नातीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे काय, आजोबा?"

"म्हणजे... ते सगळ्यात पुढे बसतं."

तिनं बदक उचललं. बादलीच्या एका कडेला धरून पाहिलं, मग दुसऱ्या कडेला.

"पुढे कुठे?"

साडू दारात उभे होते. बराच वेळ बादलीकडे बघत.