जंतुसंवर्धन : एक घरगुती मार्गदर्शिका

कुक्कुटपालनाला शेड लागते, मत्स्यपालनाला तळं. जंतुपालनाला एक घसा आणि ओळखीचा मेडिकलवाला पुरतो. भांडवल म्हणून साधी सर्दी घ्या आणि तिच्यावर अँटिबायोटिक सुरू करा. ती विषाणूंची करामत असते आणि विषाणूंपुढे अँटिबायोटिकचं काही चालत नाही. त्यामुळे सर्दी जायची तेव्हाच जाते आणि पोटातल्या पाळीव जंतूंची मात्र फुकट तालीम होते. पाकिटावर लाल रेघ दिसेल. चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. तुम्ही ती नक्षी समजा.

औषध कसं चालतं ते कळलं, की त्यात मोडता घालणं सोपं. अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीला भिंत बांधू देत नाही. वाढता वाढता जंतू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो. (विषाणूंनाही नसते, पण हे काउंटरवर बोलून कुणाच्या पोटावर पाय कशाला आणा?) डॉक्सिसायक्लिन जंतूची प्रथिनं बनू देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडवतं.

खरी मौज या शेवटच्या दोघांत आहे. अँटिबायोटिक गरम पडतं हे घरोघरी ठाऊक असतंच. तेव्हा गोळी पेलाभर दुधाबरोबर घ्यावी. सोबत कॅल्शियम, लोह, जस्त आणि आम्लपित्ताचं ते गुलाबी औषध. यांतले कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम आतड्यातच औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं पोचत नाही. सिप्रो अशा पूरकांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी म्हणतात, पण एवढं घड्याळ पाहायला आपण काय स्टेशनमास्तर आहोत? अमॉक्सिसिलिनला दुधाने फरक पडत नाही. होतकरूंनी त्याच्या नादी लागू नये.

कमी मात्रेची ही विद्या जुनी आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एका मिस्टर एक्सची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो. जंतू मरणार नाहीत, पण शहाणे होतील एवढंच. मग ते शहाणे जंतू बायकोला लागतात, औषध चालत नाही आणि ती दगावते. फ्लेमिंगने हे धोका म्हणून सांगितलं होतं. आपण कृती तेवढी उतरवून घेतली.

दुष्परिणामांना भिऊ नका. पोटातले भले जंतूही मारले गेल्याने जुलाब लागतील. डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं व्हा, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करेल. सिप्रोवर असताना टाचेमागची कंडरा दुखू लागली, तर सिंहगड चढायला तोच मुहूर्त. ती तुटूही शकते. मात्र अंगावर गांधी उठून ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर ही मार्गदर्शिका फेकून थेट हॉस्पिटल गाठा. पालकच गेला तर जंतूंना कोण विचारतो?

कधी डॉक्टरांपुढे बसावंच लागलं, तर ते विचारतील, “आणखी काही औषधं चालू आहेत?” ठणकावून “नाही” म्हणा. कॅल्शियम हाडांसाठी, लोह अशक्तपणासाठी, मल्टिव्हिटॅमिन जाहिरातीतल्या आजोबांसारखं दिसण्यासाठी. यात औषध कुठे आलं? रक्त पातळ करायची वॉरफरिन मात्र औषध आहे. सिप्रो किंवा मेट्रोनिडाझोलबरोबर तिचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. पण ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. यांच्यापुढे त्यांचा विषय काढणं बरं दिसत नाही.