समोरच्यांचं कोटेशन

"काकू, झालं का धुणं?" असं मी विचारलं की काकूंना बरोबर समजतं, हिला कपड्यांशी काही घेणंदेणं नाही. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बोल. कोणाचं?"

"समोरच्यांच्या पोट्ट्याचं. कॉम्प्युटर घेऊन राहिले ते."

"मले माहीत आहे. इंजिनियरिंगसाठी. त्याची माय सांगत होती परवा."

"इंजिनियरिंगसाठी! काकू, काल तो माझ्या सेवा केंद्रात कोटेशनची प्रिंट काढाले आला होता. दुसऱ्याचं वाचू नये म्हणतात, पण प्रिंट काढताना मी काय डोळे मिटून घेऊ? कॅबिनेटले तीन पंखे, अन् तिन्ही पंख्यांत रंगीत लाइट. इंजिनियरिंगच्या कोणत्या विषयाले रंगीत पंखे लागते, सांगा."

काकूंनी क्षणभर खरंच विचार केला. "लग्नाच्या डीजेले लागते तसे?"

"तसेच. गेम खेळाचा कॉम्प्युटर आहे तो. आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. मॉनिटर सोडून २८ हजार."

"मंग वाईट काय आहे? लोकांकडं थ्री असते, फाइव्ह असते. याचा तर सेव्हन आहे."

इथंच सगळे फसतात. आमच्या कारंज्यात काय आणि पुण्यात काय, दुकानदार 'आय-सेव्हन' एवढंच मोठ्यानं म्हणतो आणि कितव्या पिढीचा ते गिळून टाकतो. मी काकूंना म्हटलं, "आय-सेव्हन पंधरा वर्षांमागं बी होता अन् आज बी आहे. कागदावर मदरबोर्ड एच-६१ लिहिला आहे, रॅम डीडीआर-३. म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा, २०११-१२ चा माल. नव्या कॅबिनेटात, नव्या लाइटांत बसवला की कोणाले समजते? २०२२ साली आलेला बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री बी त्याले आरामात मागं टाकते."

"अन् ते कार्ड?"

"जीटी ७३०. ते २०१४ चं. पडद्यावर चित्र दिसावं, दोन मॉनिटर लागावे, एवढ्यासाठी ते ठीक. ४ जीबी ऐकून पोट्टं हुरळलं. पण कणगी मोठी असून काय उपयोग, तोंड जर वितीएवढं असन तर? माल बाहेर निघालेच टाइम लागते."

"माय माय! मंग हे तर त्या लेकराले फसवून राहिले." काकूंना आता खरा रस आला. "पण तो खेळते काय?"

हा प्रश्न खरं म्हणजे दुकानदारानं विचारायला हवा होता. कॉम्प्युटर कोणता, हे नंतर. आधी खेळ कोणता, हे ठरवलं की अर्धा खर्च तिथंच ठरून जातो.

"व्हॅलोरंट. आधी मोबाइलवर पब्जी खेळे. ते सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं बंद केलं. २०२१ ले तेच बीजीएमआय नावानं आलं, २०२२ ले ते बी गेलं, २०२३ ले परत आलं. तोवर हा मावसभावाच्या नादानं व्हॅलोरंटवर गेला. पाच-पाच पोट्ट्यांच्या दोन टोळ्या असते. फुकट आहे अन् मशीनवर लई हलका आहे. त्याले महागडं कार्ड लागतच नाही. पण त्याचा एक चौकीदार आहे, व्हॅनगार्ड नावाचा. कोणी चोरी करून तर खेळत नाही ना, ते पाहाले. विंडोज ११ असलं की तो टीपीएम २.० अन् सिक्युअर बूट, ही मशीनीतली सुरक्षेची दोन कुलपं मागते. त्या एच-६१ वाल्या मशीनीत टीपीएम २.० नसते, अन् विंडोजवाल्या कंपनीच्या नियमानं एवढ्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालतच नाही. जुगाड करून टाकलं तरी हा चौकीदार दारातूनच वापस पाठवते."

"जुनं विंडोज ठेवावं मंग."

"विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला. आज जुन्यावर भागन, पण २८ हजार देऊन आजच म्हातारी वस्तू घराले कायले आणाची?"

काकू थोडा वेळ गप्प. मग त्यांनी त्यांचा ठेवणीतला सल्ला काढला. "म्हणून म्हणते, असेंबल घेऊच नये. असेंबल म्हणजे डुप्लिकेट. कंपनीचं सीलबंद घ्यावं."

काकूंचं माहेर मूर्तिजापूरकडचं, हे मला ऐन वेळी आठवलं. "काकू, मुरंब्याचे भटकर तुमच्याच तालुक्यातले ना?"

"विजय भटकर? हाव तर! आमच्याकडचेच ते." मान ताठ झाली.

"त्यांनी पुण्यात परम बनवला, तो काय होता मंग? ऐंशीच्या दशकात अमेरिका आपल्याले क्रे कंपनीचा सुपर कॉम्प्युटर देत नव्हती. मंग १९८८ ले पुण्यात सी-डॅक उभं केलं. भटकर साहेबांनी एक महाकाय प्रोसेसर बनवत बसाच्या ऐवजी बाजारात भेटणारे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर घेतले, पुष्कळ सारे एकमेकांले जोडले, अन् सगळ्यांत काम वाटून दिलं. १९९१ ले परम ८००० तयार. असेंबलच झालं नं ते?"

"पण ते मोठं होतं."

"मोठं असेंबल."

काकूंना हे पटलं, की माहेराच्या अभिमानापुढं त्यांनी वाद सोडला, ते देव जाणे. पण नंतर त्या असेंबलला डुप्लिकेट म्हणाल्या नाहीत.

"बरं, मंग त्यानं घ्यावं काय?"

"व्हॅलोरंटच खेळाचा असन तर रायझन ५, ५६००जी. सहा कोरचा, २०२१ चा आहे, पण ग्राफिक त्याच्या पोटातच आहे. वेगळं कार्ड आज घ्याचं कामच नाही. पुढच्या सोयाबीनले पैसे आले तर कार्ड टाकावं, जागा तशीच राहते. इंटेलमध्ये ज्याच्या नावामागं एफ आहे, तो स्वस्त भेटते, पण त्याच्या पोटात ग्राफिक नसते. लोक पाचशे-हजार वाचवून एफ घेते अन् घरी आल्यावर पडदा काळा. अन् रॅम १६ ची एक नाही, ८-८ च्या दोन घ्याच्या. पोटातल्या ग्राफिकले वेगळी मेमरी नसते, ते त्याच रॅमवर जगते. दोन स्टिक लावल्या की त्याले दुप्पट रुंद रस्ता भेटते, खेळात फरक डोळ्यानं दिसते. दुकानदार एकच लावते, कारण त्याले सोपं."

"किती जाईन सगळं मिळून?"

"मॉनिटर, यूपीएस धरून ५० हजारांकडं."

"५० हजार! सोयाबीनचा हमीभाव किती वं?"

"२०२५-२६ ले ५३२८ होता."

काकूंचा हिशेब तोंडी. "म्हणजे जवळपास साडेनऊ क्विंटल. ते बी हमीभाव भेटला तर. अन् भेटते कोणाले?"

"त्यात रॅमनं घोळ केला. एआयवाल्यांचे मोठमोठे डेटा सेंटर होऊन राहिले, तिकडं सगळी मेमरी चालली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं सांगून टाकलं, आम्ही साध्या गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँडच बंद करतो. साध्या माणसाची रॅम बनवण्यात त्यांले आता रस नाही."

"म्हणजे तिकडं यंत्राले अक्कल येऊन राहिली, अन् इकडं कारंज्यात रॅम महाग." काकूंनी विषय संपवला. मला तरी यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

मग मी स्वस्तातला रस्ता सांगितला. पुण्या-मुंबईच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसातली मशीन काढून टाकतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. आठव्या पिढीच्या पुढचा आय-फाइव्ह पाहून घेतला तर विंडोज ११ चालतं, टीपीएमही असतं आणि पैसे निम्म्याच्या आसपास लागतात. रंगीत लाइट नाहीत, दिसायला बँकेतल्यासारखं, पण पक्कं. त्यात एक मेख आहे. या मशीनचा एसएमपीएस लहान असतो आणि बहुतेकदा त्याच कंपनीचा, वेगळ्या आकाराचा; बाजारातला आणून बसवता येत नाही. म्हणून कार्ड टाकायचं तर स्लॉटमधूनच वीज घेणारं, ७५ वॉटच्या आतलं. २०१९ चं जीटीएक्स १६५० बरंचसं तसं येतं. पण कॅबिनेट चपटं असेल तर कार्डही बुटकं, लो प्रोफाइल पाहावं लागतं. नाहीतर कार्ड हातात आणि झाकण लागत नाही.

"लेकराले बँकेतल्यासारखं चालन का?" काकूंचा सवाल रास्त होता. मित्रांना फोटो पाठवायचा असतो, त्यात पंखे दिसले पाहिजेत.

"पंखे घे म्हणा, पण एसएमपीएसमध्ये काटकसर करू नको म्हणा. स्टिकरवर ६५० वॉट कोणी बी छापते. हरभऱ्याच्या पाण्याले मोटारी सुरू झाल्या की आपल्या इथं संध्याकाळी बल्ब कसा होते, तुम्ही पाहता नं? खालीवर, खालीवर. ते सगळं आधी एसएमपीएस सोसते. हलका असला की स्वतः मरते अन् मरता मरता मदरबोर्डले घेऊन जाते. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसच्या शिक्क्याचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ४५० वॉटचा बी पुरते. त्याच्यामागं यूपीएस. अन् कॅबिनेटले समोरून काच नको, जाळी पाहिजे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना काचेच्या आत काय शिजन, विचार करा. सोयाबीन काढाच्या दिवसांत ती जाळी ब्रशनं झाडा लागते, एवढंच."

"अन् आणाचं कुठून? त्या कोटेशनवाल्याकडून तर नाहीच."

"अकोला आहे, नागपूर आहे. मुंबईले कोणी जाणारं असन तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असते, पण तसं विचारलं तर टॅक्सीवाला बी गोंधळते. ऑनलाइन बी भेटते. कुठून बी घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्याचं, प्रत्येक वस्तूचा नंबर बिलावर पाहिजे. नाहीतर वॉरंटी कोणाजवळ मागाची? अन् मोठं कार्ड लावून दिलं असन तर एसटीत आणाच्या आधी ते काढून खोक्यात ठेवाचं. धक्क्यानं स्लॉट मोडते."

मी एवढं सगळं सांगून मोकळी झाले. संध्याकाळी समोर जाऊन पोराच्या आईला सांगायचं, असंही मनात ठरवलं. ५६००जी, दोन स्टिक, चांगला एसएमपीएस. काकू मात्र भिंतीवर बोट फिरवत उभ्या. त्यांच्याकडं काहीतरी शिल्लक आहे, हे त्या बोटावरून कळत होतं.

"तुले एक सांगू का? कोणाले सांगू नको."

"नाही सांगत."

"दिवाळीत त्यांच्याकडं तो मावसभाऊ आला होता, लॅपटॉप घेऊन. रात्री दोनपर्यंत त्यांच्या घरी लाइट चालू. मले वाटलं पोट्टे खेळून राहिले. पाणी प्याले उठली तर खिडकीतून दिसलं, पोट्टे झोपले अन् त्यांचा बाप एकटा बसला. ट्रॅक्टर चालवून राहिला होता."

"कुठं?"

"लॅपटॉपात! वावर वखरते, पेरते, हार्वेस्टर घालते. दुसऱ्या दिवशी मी पोट्ट्याच्या मायले विचारलं, तर ती म्हणे, दिवसभर वावरात असते अन् रात्री बी वावरातच. त्यात सोयाबीन बी आहे म्हणे. मागणी वाढली की भाव चढते, तो पडद्यावर दिसते, अन् मंग विकाचं. हा माणूस पोट्ट्याच्या सायकलले दोन वर्षं नाही म्हणे, अन् कॉम्प्युटरले एका दिवसात हो म्हणाला. मले तवाच शंका आली होती."

फार्मिंग सिम्युलेटर. मी डोक्याला हात लावला. स्वित्झर्लंडच्या कंपनीचा खेळ, २००८ पासून चालू आहे, आणि त्यात सोयाबीन खरंच आहे. पण तो व्हॅलोरंटसारखा हलका नाही. एवढं मोठं शिवार, एकेक ताट, त्यावर ऊन, मागं उडणारी धूळ.

"काकू, मंग ५६००जी नाही पुरत. कार्ड लागन."

"किती क्विंटलचं?"

"जुन्या मशीनीत १६५० टाकलं तर थोडक्यात निभन. नवीन आरएक्स ६६०० वर गेले तर आणखी चार-पाच."

"सांग त्याले," काकू बादली उचलत म्हणाल्या. "पण बाईच्या समोर नको सांगू. एकटा भेटला की सांग."