भंगार नव्हे हो, हरिकेन!

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाशी. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्यात अजून, तोवर एक गंमत सांगते. तुमचे सासरे बनारसला इंजिनिअरिंग शिकले ना? मालवीयजींच्या हिंदू विद्यापीठात? मग त्यांना विचारून ठेवा, तिथल्या आवारात उघड्यावर एक विमान पडलेलं असायचं, ते पाहिलंय का म्हणून.

हसताय काय? खरंखुरं लढाऊ विमान, दुसऱ्या महायुद्धातलं! माझ्या इंग्लंडमधल्या भाच्यानं ते हवेत उडताना पाहिलं आणि रात्री फोनवर मला त्याची जन्मापासूनची कुंडली मांडून दाखवली. विमानाचं नाव हॉकर हरिकेन, नंबर आर-४११८.

काय म्हणता, इंग्रजांचं विमान म्हणजे स्पिटफायरच? झालं! तुम्हीसुद्धा त्यातल्याच. अहो, १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं इंग्लंडवर तुटून पडली, तेव्हा त्यांतली जास्त पाडली ती हरिकेननं. स्क्वाड्रनही हरिकेनच्याच जास्त होत्या. पण स्पिटफायर पडलं दिसायला देखणं. रांधावाढायला थोरली जाऊ आणि आल्यागेल्यानं कौतुक करायचं ते धाकटीच्या रूपाचं, त्यातलाच प्रकार.

आणि हरिकेनचं अंग कशाचं म्हणाल, तर मागचा अर्धा भाग चक्क कापडाचा! नाही हो, थापा नाही मारत. सिडनी कॅम म्हणून डिझायनर होता, त्याची ही करामत. पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९३५ मधलं. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं लिनन. त्यावर डोप नावाचं रसायन फासलं की कापड आवळून ताठ होतं. शत्रूची गोळी या अंगानं शिरून त्या अंगानं निघून गेली, तरी बऱ्याचदा ठिगळ लावून विमान पुन्हा तयार! पंखांत आठ मशिनगन आणि नाकात रोल्स-रॉइसचं बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या वर.

तर हे आपलं आर-४११८. ऑगस्ट १९४० मध्ये ते ६०५ स्क्वाड्रनकडे आलं, तेव्हा ती स्क्वाड्रन स्कॉटलंडमध्ये होती. सप्टेंबरात सगळ्यांची रवानगी लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला, म्हणजे थेट आगीच्या तोंडी. तिथून या एका विमानानं ४९ वेळा झेप घेतली आणि शत्रूची पाच विमानं पाडली. चालवणारी पोरं विशी-बाविशीतली. पुढे त्याच्यापेक्षा नवी विमानं आली, मग याला नव्या वैमानिकांच्या शिकवणीला जुंपलं. आणि १९४३ च्या अखेरीस खोक्यात भरून बोटीनं पाठवलं आपल्याकडे, हिंदुस्थानात.

आपल्याकडे कशाला? अहो, ब्रह्मदेशात जपानी येऊन ठेपले होते ना! आपल्या हवाई दलाची पोरंही तिकडे हरिकेनच उडवत होती. अर्जन सिंग, जे पुढे मार्शल झाले, त्यांनी १९४४ मध्ये इंफाळला आपल्या पहिल्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं ते हरिकेनवरच. या आर-४११८ च्या नशिबी मात्र इथे पराक्रम नव्हता. १९४७ साली ते बनारसच्या विद्यापीठाला देऊन टाकलं, इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकायला. आणि मग राहिलं पडून. ऊन झालं, पाऊस झाला, पुन्हा ऊन. मुलं पास होऊन गेली, विमान तिथंच.

आता खरी गंमत ऐका. १९८२ साली पीटर व्हॅचर नावाचे एक इंग्रज गृहस्थ भारतात आले. कशासाठी? जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधायला! राजेरजवाड्यांच्या गाड्यांमागे हिंडता हिंडता बनारसला पोचले, तर पुढ्यात हे हरिकेन. तेव्हा बघून गेले, पण मनातून काही जाईना. पुढे १९९६ साली त्यांनी खरंच मनावर घेतलं. मग बोलणी, अर्ज, परवानग्या! आपल्याकडची सरकारी फाइल कशी हलते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी २००१ साली व्यवहार झाला.

तिकडे सफोक परगण्यात हॉकर रिस्टोरेशन्स म्हणून कंपनी आहे, हरिकेन दुरुस्त करण्यात मुरलेली. काम सोपं नाही हं. या सांगाड्यात वेल्डिंगचा टाका घालून भागत नाही. गोल नळीची टोकं चौकोनी करायची, त्यावर पट्ट्या बसवायच्या आणि बोल्टनं जखडायच्या. एकेक सांधा असा. कारखान्यातले ते जुने कारागीर गेले, त्यांची अवजारं गेली, म्हणून तर चौदा हजारांवर बनलेल्या या विमानांतली उडणारी आज थोडीच उरलीत. यांनी मात्र तीन वर्षं खपून काम तडीस नेलं. २३ डिसेंबर २००४ ला आर-४११८ पुन्हा आकाशात! अंगावर ६०५ स्क्वाड्रनची तीच १९४० ची अक्षरं. लढाईत ते चालवणारे बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते. त्यांची आणि विमानाची पुन्हा भेट झाली.

काय? आपल्याकडची वस्तू गोऱ्यांनी पळवली? मीही भाच्याला हेच म्हटलं होतं. पण बघा ना, पळवली कुठे, रीतसर विकत घेतली. आणि हरिकेन आपल्याकडेही आहे, दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात. मला नवल वाटतं ते निराळंच. युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये असली विमानं ढिगानं तोडली, वितळवली. बनारसमध्ये तोडायचाही कुणी उत्साह दाखवला नाही आणि सुधारायचाही नाही, म्हणून हे जवळजवळ जसंच्या तसं मिळालं. आपल्या आळसानं इतिहास राखला म्हणायचा! पण दर वेळी असं नशीब नसतं हो. भंगारवाला दारात आला की किलोवर भाव होतो, पराक्रमावर नाही.

म्हणून तुम्हाला मुद्दाम हाक मारली. भावजी कॉलेजच्या निर्लेखन समितीवर आहेत ना? त्यांच्या वर्कशॉपमागे जुनी इंजिनं नि कसले कसले सांगाडे पडलेत, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. त्यांना सांगा, डेडस्टॉक रजिस्टरमधली ओळ खोडून लिलाव पुकारण्याआधी प्रत्येक वस्तूवरची नंबरपट्टी पुसून वाचायची, फोटो काढायचा आणि एक पत्र पालमच्या संग्रहालयाला टाकायचं. पत्राला खर्च येतो तो तिकिटाचा. विकून टाकलेलं मात्र परत आणता येत नाही.