बादली, कचराकुंडी आणि पाचशे पौंड

ब्रिटनच्या राज्यव्यवस्थेचा परिचय करून देणारे ग्रंथ बहुधा अलिखित राज्यघटना, राजमुकुट आणि संसदेचे सार्वभौमत्व या तीन विषयांपासून आरंभ करतात, आणि त्यामुळे त्यांचा वाचक दुसऱ्या प्रकरणापर्यंत क्वचितच पोहोचतो. त्या व्यवस्थेचे मर्म कमी वेळात जाणून घ्यायचे असेल, तर सार्वत्रिक निवडणुकीच्या रात्री दोन-तीनच्या सुमारास एखाद्या क्रीडासंकुलात उभारलेल्या तात्पुरत्या व्यासपीठाकडे पाहणे पुरेसे ठरते. बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या जमिनीवर लांबलचक टेबले मांडून मतमोजणी नुकतीच आटोपलेली असते. निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे त्या मतदारसंघातील निवडणूक नियमाप्रमाणे पार पाडण्याची जबाबदारी असलेला स्थानिक अधिकारी, हातात कागद घेऊन ध्वनिक्षेपकासमोर येतो. आणि त्याच्या मागे सर्व उमेदवार, छातीवर पक्षाच्या रंगाच्या फितीचे फूल लावून, शाळेच्या स्नेहसंमेलनातील मुलांप्रमाणे ओळीने उभे राहतात. या ओळीत देशाचे पंतप्रधानही असू शकतात, कारण हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या लोकनियुक्त सभागृहात, बसायचे तर त्यांनाही कुठल्यातरी एका मतदारसंघातून निवडून यावेच लागते. त्याच ओळीत डोक्यावर कचराकुंडी चढवलेला एक गृहस्थही उभा असतो, आणि त्याला पडलेली मते अधिकारी तितक्याच गंभीर आवाजात वाचून दाखवतो.

हा गृहस्थ कुंपणावरून उडी मारून आत शिरलेला नसतो. तो रीतसर अर्ज भरून आलेला असतो. संसदेची निवडणूक लढवण्यासाठी मतदारसंघातील दहा मतदारांच्या सूचक म्हणून सह्या आणि ५०० पौंडांची अनामत रक्कम एवढेच लागते. अनामत ठेवण्याची ही पद्धत १९१८ साली सुरू झाली. तेव्हा रक्कम १५० पौंड होती आणि एकूण मतांच्या एक अष्टमांश मते न मिळाल्यास ती सरकारजमा होत असे. पुढे चलनवाढीने ती रक्कम इतकी किरकोळ झाली, की फालतू उमेदवारांना आळा घालणारा हा दरवाजा त्यांच्या स्वागतालाच उघडा राहू लागला. म्हणून १९८५ मध्ये रक्कम ५०० पौंड करण्यात आली आणि ती वाचवण्याची अट मात्र पाच टक्के मतांपर्यंत खाली आणण्यात आली. या सुधारणेचा फालतू उमेदवारांवर काय परिणाम झाला हे पाहू गेल्यास असे दिसते, की ते तेव्हापासून थोडे अधिक पैसे साठवून येऊ लागले.

या परंपरेचे आद्यपुरुष म्हणून ज्यांचा उल्लेख करावा लागेल ते डेव्हिड सच हे रॉक गायक होते, आणि ते स्वतःला स्क्रीमिंग लॉर्ड सच, म्हणजे किंचाळणारे उमराव, असे म्हणवून घेत. उमरावकी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेली असल्यामुळे राजदरबाराला त्यासाठी कोणतीही तसदी पडली नाही. १९६३ साली त्यांनी 'नॅशनल टीनेज पार्टी' या नावाने स्ट्रॅटफर्डची पोटनिवडणूक लढवली. त्या वेळी मतदानाचे वय २१ होते आणि ते १८ करावे ही त्यांची मागणी होती, जी अर्थातच हास्यास्पद मानली गेली. १९६९ मध्ये संसदेने हेच वय कायद्याने १८ केले. पुढे सच यांनी 'ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी', म्हणजे ठार वेड्यांचा अधिकृत पक्ष, स्थापन केला. 'अधिकृत' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण अनधिकृत वेड्यांची त्या काळच्या राजकारणात वाण नव्हती. मद्यालये दिवसभर उघडी ठेवावीत ही या मंडळींची आणखी एक हास्यास्पद मागणी होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये तशी मुभा देणारा कायदा १९८८ साली झाला. यावरून राज्यशास्त्रात एक छोटेसे प्रमेय मांडता येते: शहाण्यांच्या जाहीरनाम्यातील आश्वासने निवडणुकीनंतर विसरली जातात, तर वेड्यांच्या जाहीरनाम्यातील आश्वासने पंचवीस वर्षांत शहाण्यांच्या नावावर जमा होतात.

सच चाळीसच्या आसपास निवडणुका लढले आणि एकही जिंकले नाहीत, तरी एक पक्ष बंद पाडण्याचे श्रेय त्यांच्या नावावर निश्चित जाते. मजूर पक्षातून फुटून निघालेल्या नेत्यांनी १९८१ साली सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला होता. त्यातील बहुसंख्यांनी पुढे लिबरल पक्षाशी एकत्र येऊन नवा पक्ष केला, आणि माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांनी उरलेला गट तसाच चालू ठेवला. मे १९९० मध्ये बूटल येथील पोटनिवडणुकीत सच यांना ४१८ मते मिळाली आणि ओवेन यांच्या उमेदवाराला १५५. गांभीर्याने राजकारण करणाऱ्या पक्षाला अधिकृत वेड्याने मागे टाकल्यावर त्या पक्षाने काही दिवसांतच गाशा गुंडाळला. १९९९ मध्ये सच यांचे निधन झाले, तेव्हा लूनी पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत ॲलन होप हे कार्यकर्ते आणि त्यांचे कॅटमांडू नावाचे मांजर यांना समसमान मते पडली, आणि पक्षाने दोघांनाही संयुक्त नेते म्हणून स्वीकारले. २००२ मध्ये मांजराचा मृत्यू होईपर्यंत हे संयुक्त नेतृत्व टिकले. त्या काळातील हुजूर पक्षाच्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या, नेत्यांशी तुलना केल्यास हे नेतृत्व बरेच स्थिर म्हणावे लागेल.

पंतप्रधानांच्या मतदारसंघातच उभे राहायचे ही या परंपरेतील दुसरी शाखा होय. 'लॉर्ड बकेटहेड', अर्थात बादलीडोके सरदार, हे पात्र मुळात १९८४ च्या एका विनोदी विज्ञानपटातील. १९८७ मध्ये ते मार्गारेट थॅचर यांच्याविरुद्ध फिंचलीत उभे राहिले, १९९२ मध्ये जॉन मेजर यांच्याविरुद्ध हंटिंग्डनमध्ये, आणि २०१७ मध्ये टेरेसा मे यांच्याविरुद्ध मेडनहेडमध्ये, जिथे त्यांना २४९ मते मिळाली. बादलीच्या आत दर वेळी एकच माणूस होता असे नाही. राजमुकुटाप्रमाणे बादलीलाही उत्तराधिकारी असतात. त्यानंतर बादलीच्या हक्कांवरून वाद उद्भवला, म्हणून २०१७ च्या उमेदवाराने बादली उतरवून कचराकुंडी धारण केली आणि तो 'काउंट बिनफेस' झाला. २०१९ साली बोरिस जॉन्सन यांच्या अक्सब्रिज मतदारसंघात जुनी बादली आणि नवी कचराकुंडी अशा दोन्ही उमेदवाऱ्या दाखल झाल्या. मतविभागणीचा शाप किती सर्वव्यापी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

काउंट बिनफेस यांचा लंडनच्या महापौरपदासाठीचा जाहीरनामा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. अक्सब्रिजच्या 'क्राउन अँड ट्रीटी' या मद्यालयाच्या पुरुषांच्या प्रसाधनगृहातील हात वाळवण्याचे यंत्र अधिक सोयीच्या जागी हलवले जाईल, असे एक आश्वासन त्यात होते. आणि लंडनमध्ये परवडणारे किमान एक घर बांधले जाईल, असे दुसरे. पहिले आश्वासन स्थळ, वस्तू आणि कृती यांच्या बाबतीत इतके नेमके आहे, की कोणत्याही प्रस्थापित पक्षाने असे कधी दिल्याचे आढळत नाही. दुसरे वाचून हसू येते, आणि घरांच्या किमतींपायी तिशीतही आईवडिलांच्या घरी किंवा चौघांत एका स्वयंपाकघरात राहणाऱ्या लंडनकराला ते हसता हसता थोडे बोचतेही. २०२४ च्या महापौर निवडणुकीत बिनफेस यांना २४,२६० मते मिळाली, तर अतिउजव्या 'ब्रिटन फर्स्ट' पक्षाच्या उमेदवाराला २०,५१९. कचराकुंडीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे आकडे दाखवता येतील.

मेडनहेडच्या त्याच २०१७ च्या व्यासपीठावर एल्मो या लाल केसाळ बाहुल्याच्या वेशातील आणखी एक उमेदवार होता आणि त्याला तीन मते पडली. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून दहा जणांनी सह्या केल्या होत्या हे लक्षात घेता, सही करणे आणि मत देणे यांतील अंतर इतक्या काटेकोरपणे मोजून देणारे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. तरीही तीन मतांना हसताना जपावे. १८९२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी हे लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे निवडून आले, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी. एल्मोचे तीन मतदार त्या दिवशी फिन्सबरीत असते, तर त्यांनी इतिहास जवळजवळ बिघडवला असता.

थट्टाच निवडून आली तर काय, या प्रश्नाचे उत्तर ईशान्य इंग्लंडमधील हार्टलपूल या बंदरगावाने दिलेले आहे. नेपोलियनच्या युद्धकाळात फुटलेल्या जहाजावरून वाचलेल्या एका माकडाला फ्रेंच हेर समजून या गावाने फाशी दिले, अशी दंतकथा आहे; गावाने ती नाकारण्याऐवजी मिरवली आणि आपल्या फुटबॉल क्लबचे प्रतीक म्हणून 'हॅंगस' नावाचे माकड उभे केले. २००२ मध्ये थेट निवडल्या जाणाऱ्या महापौरपदासाठी माकडाचा तो पोशाख घालणारे स्टुअर्ट ड्रमंड उभे राहिले, त्यांनी शाळकरी मुलांना फुकट केळी देण्याचे आश्वासन दिले, आणि ते निवडून आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पोशाख उतरवून कचरा, रस्ते आणि अंदाजपत्रक यांच्या फायली पाहाव्या लागल्या. त्या त्यांनी अशा रीतीने पाहिल्या, की २००५ आणि २००९ मध्ये गावाने त्यांना पुन्हा निवडून दिले. अखेर २०१२ मध्ये सार्वमत घेऊन गावाने माणूस न बदलता महापौरपदच रद्द केले.

या सर्व प्रकारावर घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा, की त्यामुळे लोकशाहीची चेष्टा होते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी जुलै २०२४ चा निकाल पाहावा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२.२ टक्क्यांवर ७२; आणि त्यांच्याहून अधिक, म्हणजे १४.३ टक्के, मते मिळवणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाला पाच. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती मते निम्म्याहून कितीही कमी असोत, या पद्धतीचा हा परिणाम आहे, आणि भारताने ती पद्धत ब्रिटनकडूनच घेतलेली असल्यामुळे मराठी वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. इतकी मोठी चेष्टा बादली घालून करता येत नाही; तिला कोट आणि टायच लागतो.

आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. हसण्याची सवय लागलेला समाज ज्यावर संतापायला हवे त्यावरही हसून मोकळा होतो, आणि ही गोष्ट चाणाक्ष राजकारण्यांच्या ध्यानात आली नसती तरच नवल. केस विस्कटलेले ठेवून थोडी धांदल केली, तर बादलीचा खर्च न करताही विदूषकाला मिळणारी क्षमा पदरात पडते, आणि मते मात्र हजारांनी पडतात. खरा विदूषक आणि हा दुसरा यांतला फरक ओळखायचा तर पाचशे पौंडांकडे पाहावे: खऱ्याला आपली अनामत जप्त होणार हे आधीपासून ठाऊक असते आणि तरीही तो ती भरतो. सत्ताधीशाला काही वर्षांतून एका रात्री आपल्या पातळीवर आणून उभे करणे एवढेच त्याला त्या पैशांत विकत घ्यायचे असते, आणि त्या हिशेबाने सौदा स्वस्त आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला या व्यासपीठावर कोण उभे राहील हे ठरवण्यात वाटा आहे, याची जाणीव अनेकांना नसते. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना, ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध परवाना असल्यास, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते, त्यामुळे पुण्याहून दोन वर्षांच्या कामासाठी गेलेला अभियंताही मतदार होऊ शकतो. मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहापर्यंत, शाळेत, चर्चच्या सभागृहात किंवा प्रसंगी मद्यालयातही होते. बोटाला शाई लावत नाहीत, आणि मतपत्रिकेवर फुली मारायला दोरीने बांधलेली पेन्सिल मिळते. मात्र २०२२ च्या कायद्याने मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे सक्तीचे केले असून भारतीय पारपत्र त्यासाठी चालते. ज्यांच्या सरकारने हा कायदा आणला ते बोरिस जॉन्सन मे २०२४ मध्ये स्थानिक मतदानाला ओळखपत्राविनाच गेले, तेव्हा केंद्रावरील कर्मचाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. तेव्हा वाचकाने नाव वेळेवर नोंदवावे, आणि घरातून निघताना पारपत्र खिशात आहे ना, हे एकदा चाचपून पाहावे.