बालोद्यानाच्या रक्षणार्थ

पर्वतीच्या पलीकडे, पानशेतच्या 1961 च्या पुरानंतर वसलेल्या आमच्या सहकारी वसाहतीस लागून जो भूखंड विकास आराखड्यात बालोद्यानासाठी राखून ठेवलेला आहे आणि ज्यावर आजवर गाजरगवत, दोन बेवारस मोटारी व गणपतीच्या मांडवाचे वासे यांखेरीज काही उगवलेले नाही, त्यावर ज्येष्ठ नागरिकांसाठी निवाससंकुल उभारण्याचे घाटत असून, आरक्षणातील त्या फेरबदलास नगररचना अधिनियमाच्या कलम 37 अन्वये एका महिन्यात हरकती मागविल्या आहेत, असे वर्तमानपत्रात वाचताच वसाहतीची तातडीची सभा त्याच सायंकाळी भरली.

भरली ती मात्र जिन्याच्या पायरीशी. कारण कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीस लिफ्ट नाही, आणि जमलेल्या सव्वीस सभासदांत वयाने सर्वांत कोवळे असे आमचे चिटणीसच एकसष्ट वर्षांचे. 2007 च्या कायद्याने ज्येष्ठत्वाची हद्द साठावर आखली असल्याने मजकूर संकुलाच्या रहिवाशांत आणि त्यास हरकत घेणाऱ्या इसमांत कायद्याच्या दृष्टीने अंतर उरते ते फक्त कुंपणाच्या भिंतीचे. परंतु ही गोष्ट सभेत कोणी काढली नाही, आणि माझे स्वतःचे वय सत्तरीपार असल्याने मीही ती काढली नाही.

अध्यक्षांची पहिली हरकत शांततेविषयी होती. म्हातारी माणसे पहाटे चारला उठतात, खाकरतात, रेडिओ लावतात, असे त्यांनी इतक्या अधिकारवाणीने सांगितले, की त्यांच्या खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने नकळत मान डोलावली. ‘तिथे हास्यक्लबही निघेल,’ ही भीती आमच्या हास्यक्लबाच्या संस्थापकांनी व्यक्त केली. एक निवृत्त कार्यकारी अभियंता तेवढे रोखठोक बोलले : ‘रोज उठून खिडकीतून काय तिरड्या बघायच्या?’ त्यावर जी स्तब्धता पसरली, ती मोडण्यासाठी चहा मागवावा लागला. त्यापैकी सतरा कप बिनसाखरेचे होते.

‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून त्याचा एकही प्रयोग ज्यांनी कोरड्या रुमालाने पाहिलेला नाही, त्या एका बाईंनी मग आपली संस्कृती पुढे केली. वृद्धांनी आपापल्या मुलांपाशी राहावे, हीच आपली रीत, असे त्या म्हणाल्या. त्यांचे चिरंजीव सनीव्हेल येथे असतात. बालोद्यानाचा कैवारही त्यांनीच घेतला, आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण दर दोन वर्षांनी डिसेंबरात पंधरा दिवस वसाहतीत तीन-चार मुले खरोखरच दिसतात.

सभा एकदाच रुळावरून घसरली. अभियंतासाहेब नकाशातील दोष दाखविण्याच्या भरात सांगून गेले, की तेथे पायऱ्यांऐवजी एकास बारा अशा बेताचा उतार आहे, भिंतीला धरायला कठडे आहेत आणि न्हाणीघरात मदतीची घंटा आहे. गेल्या श्रावणात न्हाणीघरातच पडून पहाटेपर्यंत पडून राहिलेले आमचे एक सभासद एवढ्यात मागून म्हणाले, ‘ती घंटा जमिनीपासून किती उंचीवर आहे हो?’ अध्यक्षांनी हा प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा ठरविला, चिटणिसांनी तो इतिवृत्तात घेतला नाही, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

उरली तिसऱ्या मजल्यावरील काकूंची सही. गुडघ्यांमुळे त्या दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत. सबब, भाजी जिच्यातून वर जाते त्या दोरीच्या टोपलीत चिटणिसांनी अर्ज ठेवला, वर पेन आहे की नाही हे ओरडून विचारले, आणि पाच मिनिटांनी टोपली हेलकावे खात खाली आली. ‘ज्येष्ठ नागरिकांच्या वास्तव्याने वसाहतीच्या स्वास्थ्यास बाध येईल’ या कलमाखाली थरथरत्या पण सुवाच्य अक्षरांत सही होती. आणि अर्जाला टाचणीने जोडून पाचशेची एक नोट, औषधांची चिठ्ठी, व तिच्या पाठीवर एवढेच, की नगररचना खात्यात जाणारच आहात तर येताना गुडघ्याचा पट्टा आणा, मोठ्या मापाचा.