सोळा हात

गाण्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आणि आमच्या महिला मंडळाच्या पेटीवाल्यांनी लेकीच्या लग्नाचं कारण सांगून अंग काढून घेतलं. "बिनवाद्याचंच म्हणू की," मी म्हणून बसले. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आम्हा परभणीकरांच्या अंगात मुरलेलंच असतं.

सूर लागले. अडलं ते दिसण्याचं. पेटीबरोबर तिच्याआड लपायची सोयही गेली. आठ बायका, सोळा हात; ठेवायचे कुठं? पुण्याहून माझी लेक म्हणाली, "व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून बघा." बघितला. मधल्या दोघी नळाला पाणी यायची वाट बघत उभ्या. कडेच्या काकू पदर पिळतायत. आणि मी भुवया अशा उडवते, जणू समोरच्यानं उसने पैसे बुडवलेत.

मग एकसारख्या साड्या घेतल्या, मोरपंखी. मंगल कार्यालयाचा पडदा नेमका त्याच रंगाचा. फोटोत आठ मुंडकी तरंगत होती.

लेकीनं आणखी घाबरवलं. अमेरिकेत बार्बरशॉप म्हणून चौघांचं बिनवाद्याचं गाणं असतं; तिथल्या स्पर्धेत संगीत, गायन आणि सादरीकरण या तिन्हींना सारखाच मान. म्हणजे तिसरा हिस्सा भुवयांचा!

खरं तर आपल्याकडं बिनवाद्याचं गाणं जात्यावर पिढ्यान् पिढ्या झालं. गंगाखेडच्या जनाबाईंसोबत दळायला साक्षात विठ्ठल बसायचा म्हणतात. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांत आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्याही आहेत. हातांचं काय करायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नसणार. हात खुंट्याला गुंतले, तोंड मोकळं.

ठरलेलं भजन बाजूला ठेवून आम्ही ओव्या घेतल्या. मधे जातं आहे असं समजून जोडीजोडीनं समोरासमोर बसलो. पहिल्या दिवशी एक जोडी उलटी फिरली आणि बांगड्यांत बांगड्या अडकल्या. तिसऱ्या दिवशी मात्र अंग आपसूक डोलायला लागलं. पुढं झुकलं की ओळ, मागं आलं की दम. आठही जणींचा श्वास एकदम! पेटीवाल्यांना दहा वर्षांत न जमलेलं काम नसलेल्या जात्यानं केलं. भुवयाही जागेवर राहिल्या.

नवा व्हिडिओ आवाज बंद करून सासूबाईंना दाखवला. ऐंशी ओलांडलेल्या, तरणेपणी पहाटे उठून पायलीपायली दळलेल्या. त्यांनी डोळे बारीक करून तो दोनदा बघितला.

"दळायल्यात खऱ्या," त्या म्हणाल्या, "पण घास कोण घालायलंय?"